पडत्या भावाची मर्सिडीज

वीस वर्षांपूर्वी पस्तीस-चाळीस लाखांना घेतलेली ई-क्लास आज पाच-सहा लाखांत मिळते. नव्या स्विफ्टच्या पैशांत मर्सिडीज, हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की माणूस रात्री उशिरापर्यंत जाहिराती चाळत बसतो. भाव गाडीचा पडलेला असतो. तिच्या पंपाचा, बुशांचा, सेन्सरचा पडत नाही. बिल चाळीस लाखांच्या गाडीचंच येतं.

०

पुण्याचा या गाडीशी जुना घरोबा. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू१२४ ची जुळणी सुरू झाली, त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा घेणारी गोल दिव्यांची डब्ल्यू२१० आली. तिकडे निवृत्त होणारी इकडे रुजू झाली. चाकणचा कारखाना २००९ चा. आजचा फायदा एवढाच, की भोसरी-पिंपरीकडे ही गाडी उघडून पुन्हा बसवलेले हात अजून सापडतात. लहान गावातल्या हौशी माणसानं आधी मिस्त्री शोधावा, मग गाडी.

०

१२४ च्या पत्र्याचं आणि दाराच्या आवाजाचं कौतुक खरं आहे. पण नव्वदीच्या पहिल्या काही वर्षांतल्या इंजिनांवर जे वायरिंग होतं, त्याचं वेष्टण उष्णतेनं कडक होऊन गळून पडतं. तारा उघड्या पडतात, एकमेकींना चिकटतात, इंजिन अडखळतं. मग कोणीतरी ईसीयू बदलायला लावतो, पाठोपाठ कॉइल. दुखणं वायरीतच राहतं.

०

भोसरीच्या एका गॅरेजात २१० नंतरच्या पिढीच्या, डब्ल्यू२११ चे ब्रेक पॅड बदलायचे होते. चाक काढलेलं, कॅलिपर उघडा. मालकानं मोबाइल घ्यायला दाराकडे हात नेला तर मिस्त्री ओरडलाच, "साहेब, दाराला हात लावू नका!" मालकाला आधी राग आला. मग मिस्त्रीनं स्कॅनर लावून यंत्रणा झोपवली आणि कारण सांगितलं: दार उघडताच ही गाडी जागी होते, गूंऽऽ असा पंपाचा आवाज येतो आणि ब्रेकला दाब जातो. त्या क्षणी कॅलिपरमध्ये बोट असेल तर बोट गेलं.

ही एसबीसी नावाची ब्रेक-यंत्रणा. बॉशच्या साथीनं मर्सिडीजनं आणलेली. पेडल फक्त कळवतं की थांबायचंय. दाब पंप देतो. पंप गेला तर पायाच्या जोरावर पुढची चाकं धरतात, पण पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला रस्ता जास्त लागतो. २००४ मध्ये कंपनीनं यासाठी जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. २००६ च्या नव्या रूपात एसबीसी काढूनच टाकली आणि पूर्वीसारखे ब्रेक आले.

यातली खरी गंमत मोजणीत आहे. ब्रेक किती वेळा दाबला ते हे युनिट मोजत राहतं. सुमारे तीन लाखांच्या घरात आकडा पोचला की वर्कशॉपला जा म्हणून लाल अक्षरं झळकतात, मग पंप ठणठणीत असो वा नसो. म्हणजे 'फक्त साठ हजार किलोमीटर, डॉक्टरांची गाडी' या जाहिरातीला अर्थ उरत नाही. ते साठ हजार सोलापूरच्या हायवेवरचे असतील तर ठीक. लक्ष्मी रस्त्यावरचे असतील तर पाय सारखा ब्रेकवरच असणार.

म्हणून घ्यायचीच तर २००६ च्या बदलानंतरची. नोंदणीचं वर्ष पाहू नये; आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो पाहावा. शोरूममध्ये महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी कागदावर तरुण दिसते.

०

तेल. स्विफ्टला तीन-साडेतीन लिटर, ई २८० च्या व्ही-सिक्स पेट्रोलला आठ. आणि तेही मर्सिडीजच्या २२९.५ प्रमाणाचं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं 'साहेब, हे पण सिंथेटिकच आहे' चालत नाही.

०

त्याच व्ही-सिक्सच्या, म्हणजे एम२७२ च्या, सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा गियर झिजतो. दात गेले की टायमिंग सरकतं, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. सुटा भाग काही फार महाग नाही, पण तिथं पोचायला इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. विकणारा स्कॅनरनं दिवा पुसून ठेवतो आणि तो परत लागेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर झालेली असते. इंजिन नंबरावरून कळतं, की हे इंजिन त्या खेपेतलं आहे का. नंबर मागितल्यावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नये.

डिझेल ई २८० सीडीआयची गोष्ट याच जातीची. ऑइल कूलरची सील इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खळग्यात, सगळ्यांच्या तळाशी. रबर कडक झालं की तेल पाझरतं आणि मागच्या बाजूनं खाली उतरतं. बघणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्सच गळतोय. दोन रबरी सील, आणि त्यासाठी टर्बोपासून वरचं सगळं सोडवायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

०

जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचं तेल 'जन्मभराचं' असं कंपनी आधी म्हणाली. पुढं तिनंच ते बदलायचं अंतर ठरवून दिलं. जन्म कुणाचा, गाडीचा की वॉरंटीचा, हे मात्र सांगितलं नाही.

०

सकाळी पार्किंगमध्ये एक कोपरा खाली बसलेला दिसला तर ती एअरमॅटिक. हवेची पिशवी चिरली की कॉम्प्रेसर ती भरत राहतो आणि शेवटी स्वतः जळतो. एक खर्च टाळला की दोन होतात. साध्या स्प्रिंगची ई-क्लास आपल्या खड्ड्यांसाठी शहाणपणाची. बसायला थोडी कमी मऊ, इतकंच. बुश आणि बॉल जॉइंट तिलाही लागणारच. स्टिअरिंग वळवताना कुरकुर आली तर तिकडे आधी बघावं.

०

डब्यावर मर्सिडीजचा तारा असलेला भाग आणि तारा नसलेला भाग पुष्कळदा एकाच कारखान्यातले असतात. लेम्फर्डरचा आर्म, बॉशचा सेन्सर, माले-बेअरचा रेडिएटर. किमतीतला फरक डब्याचा. मुंबईत ऑपेरा हाऊसला आणि पुण्यात नाना पेठेत हे माल मागवून देणारे आहेत. कुर्ल्याच्या भंगारातून मी आरसा, दाराचं हँडल, सीटची मोटार आणायला सांगेन. एअरबॅग किंवा ब्रेकचं काहीही नाही.

०

विमा. पाच वर्षांनंतर गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते, म्हणजे बहुधा एजंट सांगेल ती. दाव्यात रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे. दहा वर्षांपुढच्या गाडीला पत्र्याचेही निम्मे. झीज आणि यांत्रिक बिघाड विम्यात येतच नाहीत. पाण्यात चालू केल्यानं बसलेलं इंजिनही नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. इतक्या जुन्या गाडीला ते द्यायला कंपन्या सहसा नाखूश. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगवरून वाद होतोच. बॉनेटखाली नजर ठेवणं स्वस्त.

०

पंधरा वर्षांनी फिटनेस, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये. वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. गाडी परदेशातून तयार आणलेली असेल तर हेच आकडे ४०,००० आणि ८०,०००. पिंपरीत जुळलेली ई-क्लास इथं भाग्यवान.

०

पाहायला जाताना आदल्या दिवशी फोन करून सांगावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. चेनचा खडखडाट, काळा धूर, ऑटोमॅटिकचा पहिला धक्का, हे सगळं थंड इंजिनातच उघडं पडतं. गेल्यावर गप्पा मारता मारता तळहात बॉनेटवर ठेवावा. कोमट लागलं तर रंगाचं कौतुक करावं आणि निघावं.