हिरण्यकेशीच्या काठचे जुने सोयरे

हिरण्यकेशीच्या काठच्या गडहिंग्लजास मराठी व कानडी बोल बाजारात सर्रास मिसळलेले आम्ही ऐकले. या नदीच्याच नावाचे सूत्र सांगणारी कुळे आमच्या वाचकांतही आहेत. सोयरीक जुळविताना आपण गोत्रप्रवर काटेकोर पाहतो. परंतु सुमारे 50,000 वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी निअँडरथल नामक निराळ्या मानवजातीशीच सोयरीक केली! (पत्रिका कोणी पाहिली असेल?) स्वांटे पाबो प्रभृतींनी प्राचीन अस्थींतील जनुके वाचून 2010 साली हे दाखविले. आफ्रिकेबाहेरील माणसांत तो अंश शेकडा 1 ते 2 आहे. मात्र हा वारसा सर्वस्वी निरुपद्रवी नव्हे. कोविडचा आजार बळावविणारा एक जनुकखंड त्यांच्याकडूनच आला, असे 2020 मध्ये आढळले. तो युरोपात शेकडा 16, तर दक्षिण आशियात सुमारे 50 लोकांत आहे.