बर्फातली सोबत

मराठीत बर्फाला स्वतःचं असं नाव नाही. आकाशातून उतरणारा आणि रसवंतीच्या ग्लासात तरंगणारा, दोघांसाठी फारसीतून आलेला ‘बर्फ’ हा एकच शब्द. ‘हिम’ पुस्तकात राहिलं. बोलण्यात त्याचं ‘हीव’ झालं आणि बर्फ हरवून नुसती थंडी उरली: हिवाळा, हिवताप, अंगात भरणारं हीव. गढवालीत मात्र त्याच ‘हिम’पासून आलेलं ‘ह्यूं’ अजूनही बर्फच आहे.

उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांक्रीहून जानेवारीत केदारकंठाच्या वाटेला लागलो, तेव्हा रात्रभर ह्यूं पडून थांबलं होतं. मागे दिल्लीत एका हिंदी निबंधाचा मराठी अनुवाद अर्धा पडून होता. विषय महाप्रस्थान. त्यातल्या ‘भक्त’ या शब्दापाशी मी आठवडाभर अडले होते.

शेवटच्या घरापाशी दोन कुत्रे आमच्यामागे आले. एक काळा, केसाळ, गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा. बिबट्याला गळा धरता येऊ नये म्हणून डोंगरात तो घालतात. दुसरा पिवळट, वयानं लहान. कुणी बोलावलं नव्हतं.

ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो. चार पावलांवरचा माणूस बोलला तरी शब्द भिंतीपलीकडून आल्यासारखे येतात. सुरुवातीला पिवळा बाजूच्या भुसभुशीत बर्फात उड्या मारत होता. छातीपर्यंत रुतायचा, पोहल्यासारखा बाहेर यायचा. तासाभरात दमला आणि आमच्या पावलांच्या खड्ड्यांतून चालू लागला. मी पाय उचलला की तिथे त्याचा पंजा. बोटांमधल्या केसांना बर्फ चिकटून त्याचे खडे होत. मग तो मध्येच बसे, दातांनी ते काढे आणि धावत येऊन पुन्हा माझ्या मागची जागा धरे.

जुडा का तालाब गोठलेला होता. संध्याकाळी तिथल्या मुक्कामावर डाळभात झाला. वाटाड्या म्हणाला, “खिलाओगे, तो कल भी साथ चलेगा.” त्याच्या स्वरात मनाई नव्हती. काय द्यावं लागेल ते तो आधीच सांगत होता. मी माझ्या ताटातला भात दोघांपुढे ठेवला.

शिखर ३,८०० मीटरच्या आसपास. तिसऱ्या दिवशी अंधारातच चढ सुरू झाला. उजाडलं तेव्हा पिवळ्याच्या ठशांशेजारी लाल थेंब दिसले. पुढच्या पंजाची गादी फाटली होती. तो थांबत नव्हता. लंगडत येतच होता. “अपने आप उतर जाएगा,” वाटाड्या म्हणाला, आणि त्याचा अनुभव माझ्याहून मोठा होता. पण मी चढत राहिले असते तर तो उतरला नसता, एवढं त्या दोन दिवसांत मला कळलं होतं. आमच्यातला एक मदतनीस खाली जाणार होता. मी त्याच्याबरोबर वळले. बाकीचे वर गेले, काळाही त्यांच्याबरोबर गेला.

वळताना समोर ६,२५२ मीटरची स्वर्गारोहिणी उजळली होती. पांडव याच बाजूनं गेले असं इथले लोक सांगतात. द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. हस्तिनापुराहून मागे आलेला कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला. कुत्र्याला सोड, म्हणाला. युधिष्ठिराचं उत्तर असं की भक्ताचा त्याग करणं हे महापाप. मराठीत आज ‘भक्त’ म्हटलं की हात जोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. कुत्रा येत नाही. तिथेच माझा अनुवाद अडला होता.

उतरताना भाताची आठवण झाली. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेला भाग, अन्न, शिजवलेला तांदूळ. आपला ‘भात’ त्यातूनच आला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘भज्’ आहे: वाटणं, वाटा घेणं. या अर्थानं भक्ताला हात जोडावे लागत नाहीत. ज्याला आपल्या ताटातला वाटा मिळाला आणि ज्यानं आपल्याला आपल्या चालण्यात वाटा दिला, तो भक्त. कुत्र्याच्या रूपात धर्म आहे हे युधिष्ठिराला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वर्ग नाकारला तो कुत्र्यासाठी, कुत्रा म्हणूनच.

दुपारी गाव आलं. पिवळा माझ्याकडे वळूनही न बघता एका लाकडी घराच्या ओसरीखाली शिरला आणि पंजा चाटत बसला. घरातल्या बाईंना मी त्याची जखम दाखवली. त्यांनी कोमट पाणी आणलं, पंजा धुतला, हळद लावली. मी म्हटलं, तीन दिवस माझी पाठ सोडली नाही यानं. त्या हसल्या. “ये तो सबके साथ जाता है.”

मला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. त्याची सोबत माझ्यासाठी राखून ठेवलेली नव्हती. पंजा बरा झाला की तो पुढच्या माणसांमागे निघेल, त्यांचा भात खाईल, त्यांच्या पावलांतून चालेल.

अनुवादात मी ‘भक्त’ तसाच ठेवला. त्याच्याआधी एक वाक्य फक्त वाढवलं: कुत्रा वाटेत त्यांच्यातलंच खात होता.