उशिरा पोचणारे निरोप

शास्त्रीय शब्दांचे नशीब मोठे विचित्र असते. वर्षानुवर्षे ते प्रयोगशाळेच्या चार भिंतींत अज्ञातवास भोगतात आणि एखाद्या संकटाच्या पायाने एकाएकी घरोघर शिरतात. 2020 साली ‘आरटीपीसीआर’ ही पाच अक्षरे आमच्या सोलापुरात अशीच आली. मंडईतील भाजीवालीपासून बँकेतील साहेबांपर्यंत सर्वांच्या तोंडी ती बसली. परंतु त्यांतील पहिल्या दोन अक्षरांत आरएनएवरून उलट डीएनए घडविण्याची क्रिया दडलेली आहे, आणि ती घडवून आणणारे द्रव्य हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये शोधून काढले, हे विचारण्याची सवड तेव्हा कोणास होती? साथ ओसरली, शब्दही ओसरला. त्या शब्दामागचे शास्त्र मात्र झपाट्याने पुढे चालले आहे, आणि त्याच्या वार्ता आमच्या गावी फार उशिरा पोचतात, एवढीच आमची तक्रार आहे.

हे शास्त्र सोलापूरकरास समजावून देणे वस्तुतः मुळीच कठीण नाही. ज्याने चादरीचा कारखाना आतून पाहिला आहे, त्याचा निम्मा अभ्यास झालाच म्हणावयाचा. नक्षी काढणारा कारागीर प्रथम चौकटीच्या कागदावर मोर रेखाटतो. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात, पुठ्ठ्यांची माळ ओवून ती जॅकार्डावर चढवितात आणि माग ती माळ वाचीत वाचीत चादरीवर मोर उमटवितो. मूळ कागद कपाटात सुरक्षित राहतो. आपल्या पेशीत डीएनए हा तो कागद, निरोप्या आरएनए ही ती माळ, रायबोसोम हा माग आणि प्रथिन ही चादर. असा निरोप्या असतो हे 1961 मध्ये सिद्ध झाले. अर्थात कोणताही दृष्टांत शेवटपर्यंत ताणू नये. पुठ्ठ्यांची माळ वर्षानुवर्षे टिकते. निरोप्या रेणू अल्पकाळातच आपले काम करून नाहीसा होतो. शिवाय पुढे असे आढळले की, मागाचा मर्मभागही आरएनएचाच घडलेला आहे. जणू मागच पुठ्ठ्याचा निघावा!

त्या मागाची रचना उकलल्याबद्दल 2009 चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले, त्यांत आपले वेंकटरामन रामकृष्णन होते. त्यांनी 1971 मध्ये बडोद्यास पदवी घेतली ती पदार्थविज्ञानाची. जीवशास्त्राकडे ते डॉक्टरेट मिळविल्यानंतर वळले. आमचा विषय रसायन. ‘‘सर, बारावीला जीवशास्त्र नव्हते, आता चालेल काय?’’ असे विचारणारा एक तरी विद्यार्थी दर वर्षी भेटतो, आणि त्यास आम्ही ही हकीगत ऐकवितो.

अलीकडच्या वार्ता पाहाव्यात तर 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षे वैद्यकातील नोबेल आरएनएच्याच वाट्यास आले. पहिले कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना. बाहेरून टोचलेला आरएनए शरीर शत्रू समजते आणि दाह उत्पन्न होतो. त्यातील एका घटकाचे रूप किंचित बदलले तर शरीर त्यास जवळ करते, हे त्यांनी 2005 मध्ये दाखविले. दुसरे व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना, चिमुकल्या सूक्ष्म आरएनएच्या शोधाबद्दल. हा रेणू निरोप वाहत नाही, दुसऱ्याचा निरोप दाबून टाकतो. 1993 मध्ये तो एका क्षुद्र कृमीत सापडला, तेव्हा ते त्या कृमीचे वैचित्र्य समजून बहुतेकांनी दुर्लक्ष केले; 2000 मध्ये तसलाच दुसरा रेणू मनुष्यासह कित्येक प्राण्यांत आढळला, तेव्हा कोठे डोळे उघडले.

या वार्ता साता समुद्रांपलीकडच्या आहेत असे कोणी म्हणेल, तर त्याने जरा पुण्याकडे पाहावे. तेथील विषाणू संस्था 1952 पासून उभी आहे. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली, तेव्हा तेथील नवा विषाणू याच संस्थेने ओळखला. तो आरएनएचाच, डेंग्यू, चिकनगुनिया आणि कोरोना हेही त्याच जातीचे. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या निरोप्या आरएनएच्या लशीस जून 2022 मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, आणि पुढच्या जूनमध्ये ओमायक्रॉनसाठी तिची दुसरी आवृत्ती निघाली. साथ ओसरल्यावर ती आली, म्हणून तिचा गाजावाजा झाला नाही. पण तिचे मर्म आम्हां उन्हाच्या मुलखातील लोकांनी ओळखावयास हवे. फायझरची लस आरंभी शून्याखाली सुमारे सत्तर अंशांवर ठेवावी लागे. पुण्याची लस गोठवून वाळविलेली असल्यामुळे दोन ते आठ अंशांत, म्हणजे साध्या दवाखान्याच्या शीतकपाटात राहते. सोलापूरचा मे महिना ज्याने काढला आहे, त्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आणि पुण्यापर्यंत तरी कशास जावे? शहरालगत केगावास 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जीवाणूचा रोग; परंतु रोग शिरताना झाडातील कोणती जनुके जागी होतात हे पाहावयाचे, तर झाडाचा आरएनएच मोजावा लागतो. ज्या शेतकऱ्याची बाग तेल्याने गेली, त्याच्या मुलास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

असो. शास्त्राचे निरोप पोचत नाहीत, त्याहून संधीचे निरोप पोचत नाहीत हे दुःख मोठे. आमच्या वर्गातील एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीसाठी उन्हाळी संशोधनकार्याची एक जाहिरात अगदी बेतल्यासारखी होती. ती आमच्या हाती आली तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. ती कोणत्या टेबलावर पडून राहिली, त्याचे नाव घेऊन आता लाभ नाही. मोठ्या शहरातील मुलास असल्या गोष्टी वसतिगृहाच्या जेवणाच्या मेजावर कळतात. आमच्या मुलांस त्या कळण्याचे तसे ठिकाण नाही. तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती आहे आणि ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांसही मिळते, हे आमच्या कित्येक सहकाऱ्यांस आम्ही सांगितले तेव्हा प्रथम कळले.

पुढील वर्षी त्या मुलीने याच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि तिला पुण्याची प्रयोगशाळा मिळाली. तेव्हा तिचे वडील आमच्याकडे आले. ‘‘सर, दोन महिन्यांचं ठीक आहे. पण पोरगी पुढं पाच-सहा वर्षं हेच करीन म्हणते. त्यातनं काय निघणार?’’

त्यांस गोड उत्तर देणे सोपे होते. परीक्षा उतरली तर केंद्राची संशोधनवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, हे आम्ही सांगितले. ती कधी कधी महिनोन्महिने रखडते हेही सांगितले. अमेरिकेच्या आरोग्यखात्याने ऑगस्ट 2025 मध्ये निरोप्या आरएनएच्या लशींचे 22 प्रकल्प, सुमारे 50 कोटी डॉलरांचे, एका फटक्यात गुंडाळले, तेव्हा परदेशची वाटही अरुंद होत आहे, हे लपविले नाही. कारिकोबाईंस 1995 मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने खालच्या जागेवर बसविले होते, ही हकीगतही ऐकविली. आमच्या मते मुलीच्या बापास शास्त्राची थोरवी सांगून भुलविणे हा अधर्म आहे. त्यास हिशेब पुरा दाखवावा आणि मग आपले मत सांगावे. आमचे मत तिने जावे असे होते.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे त्या बाईला खालच्या जागेवर बसूनच नोबेल मिळालं म्हणा की.’’ आणि उठले.

मुलगी पुण्यास गेली. मध्यंतरी ती चार दिवस घरी आली, तेव्हा बापलेक दोघेही भेटावयास आले. प्रयोगशाळेत दिवसभर हातमोजे घालावे लागतात, कारण माणसाच्या कातडीवरच आरएनएचा फडशा पाडणारे द्रव्य असते आणि नुसते बोट लागले तरी आठवड्याचे काम वाया जाते, असे ती सांगत होती. आम्ही त्यात रसायनाची भर घालणार, तोच वडील म्हणाले, ‘‘त्यात काय नवल, सर? पांढऱ्या सुताला तेलाचा हात लागला की आमचा मालकही तागा परत करतो.’’