खोडलेला आकडा

हैदराबादच्या जुमेरात बाजारात मी उजाडताच पोहोचतो. ऊन चढलं की विक्रेते चिंच आणि राख घेऊन पितळ घासायला बसतात. "चमका को देतूं साब," एक जण मायेनं म्हणतो आणि मी त्याचा हात धरतो. घासलं की आकडे जातात, आणि आकडे गेले की फौजेतला लोटा नुसता लोटा उरतो.

गेल्या पावसाळ्यात असाच एक मिळाला. काठाखाली ठोकून पाडलेले ठिपके. आमच्या आजीच्या भांड्यांवर असंच टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असायचं, त्यामुळे ठिपके जोडून वाचायची सवय बोटांना लहानपणापासूनच. भांडं उजेडात तिरकं धरायचं, अंगठा सावकाश फिरवायचा. आधी ९८ लागलं, त्यावर आडवी रेघ. खाली, वेगळ्या हातानं ठोकलेलं, ४/१९.

ती रेघ म्हणजे १९२२ साल. ९८चं मूळ म्हणजे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिन्जंट ही फौज. बोलारम, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे तिच्या छावण्या. पायदळाच्या सहा पलटणींना १ ते ६ असे आकडे होते. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली आणि त्याच पलटणी ९४ ते ९९ झाल्या. पाचवी झाली ९८वी. १९२२ मध्ये ती १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी बटालियन बनली, म्हणून ४/१९. १९४५ मध्ये रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला धारातीर्थी पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा ४ कुमाऊंचेच.

नुसता १९ दिसला तर मात्र थांबावं. उमेदवारीच्या काळात असा आकडा असलेलं एक बटण मी छातीठोकपणे हैदराबादचं म्हणून सांगितलं होतं. त्यावर मुकुट व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, आणि १९वी हैदराबाद १९२२ पूर्वी नव्हतीच! ते दुसऱ्याच कुठल्या तरी १९व्या पलटणीचं असणार. तेव्हापासून आधी मुकुट बघतो, मग आकडा.

तेव्हाच्या ब्रिटिश सरकारी सामानावर बाणाचं टोक असतं, हिंदुस्थानच्या मालावर त्याच्याखाली इंग्रजी 'आय'. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारनं विकून टाकलेला माल. या लोट्यावर बाण नाही. बहुधा शिपायानं स्वतःच्या पैशानं घेतलेला असावा, आणि पलटणीचा आकडा बदलला तेव्हा त्यानंच तो नव्यानं ठोकून घेतला असावा. जुना त्यानं घासला नाही, फक्त खोडला. म्हणूनच मला दोन्ही वाचता आले.

बुडाशी त्याचा स्वतःचा नंबर आहे, चार अंकी. दोन अंक लागतात. उरलेल्या दोहोंच्या जागी पितळ आरशासारखं लखलखीत आहे.