गुरूचे चंद्र आणि केतकरांचा ब्रह्मा

सोलापूर, १८ जानेवारी २०२६

चि. भाचीबाई,

घरच्या ग्रुपवर तू टाकलेला मजकूर वाचला : प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने १९११ मध्येच लावला होता म्हणे. मावशीने लगेच त्याखाली हात जोडले. मी गप्प राहिलो, कारण उत्तर चार ओळींत मावणारं नव्हतं.

माणूस खरा आहे. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४ चा, नरगुंदचा. इथून गदगच्या गाडीत बसलं की होटगीनंतर विजापूर, बागलकोट लागतं. त्याच मुलखात त्यांचं आयुष्य गेलं. पेशा शाळामास्तरचा. पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नाहीत, हे सहन न होऊन त्यांनी संस्कृतात ‘ज्योतिर्गणितम्’ लिहिलं. ते काम मला तरी या भाकितापेक्षा मोठं वाटतं, पण त्यावर कुणी मेसेज फिरवत नाही.

१९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या मुखपत्रात त्यांनी मांडलं की नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत. नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, एक फेरी २४२.२८ वर्षांची. १९३० च्या फेब्रुवारीत टॉम्बॉ या अमेरिकन खगोलज्ञाला प्लूटो सापडला. त्याचे आकडे साधारण ३९.५ आणि २४८. फार जवळचे. मग केतकरांनी हे काढलं कशावरून? गुरूच्या चंद्रांवरून.

या जानेवारीत गुरू संध्याकाळीच पूर्वेला पुनर्वसूजवळ वर येतो, गड्ड्याच्या जत्रेच्या झगमगाटातूनही दिसतो. दुर्बीण कठड्यावर टेकवून धर, शेजारी एका रेषेत ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच हे. आतल्या तिघांचे वेग बघ : आयो दिवसाला २०३.४८९ अंश फिरतो, युरोपा १०१.३७५, गॅनिमिड ५०.३१८. आयोत गॅनिमिडची दुप्पट मिळव, येतात ३०४.१२५. युरोपाची तिप्पट कर, तेवढेच! चौथा कॅलिस्टो या हिशेबात नाही, तो आपला वेगळा फिरतो.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तू माग पाहिला आहेस. वरच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या बॉटम शाफ्टचा एक, कारण दात्यांची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. गुरूकडे दाते नाहीत, नुसतं गुरुत्वाकर्षण आहे. आयो आणि युरोपाची गाठ दर खेपेला कक्षेच्या जवळपास त्याच टप्प्यावर पडते, म्हणून ओढही तिथेच बसते. कुणी थोडा पुढे सरकला तर तीच ओढ त्याला मागे आणते. युरोपा आणि गॅनिमिड गुरूच्या एका बाजूला रांगेत आले की आयो हमखास पलीकडे असतो. तिघं एकाच बाजूला एका रांगेत कधीच येत नाहीत. हे लाप्लास या गणितज्ञाने अठराव्या शतकात उलगडलं. याच ओढाताणीमुळे आयोची कक्षा पुरती गोल होऊ शकत नाही, गुरूजवळ येता-जाता तो पिळला जातो आणि आतून तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी १९७९ च्या मार्चमध्ये तसं छापलं, आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ यानाच्या चित्रांत आयोवरचा ज्वालामुखी दिसला.

केतकरांनी हीच जुळणी उचलून युरेनस, नेपच्यून आणि पलीकडच्या ग्रहाला लावली. मी कागदावर करून पाहिलं. आयो, युरोपा आणि गॅनिमिडच्या हिशेबातले १, ३, २ हेच गुणक ठेवले तर तिसऱ्या ग्रहाचं वर्ष सुमारे ३१७ येतं. १, ४, ३ घेतले की २४२ च्या घरात. त्यांनी हेच घेतले असावेत, असा माझा अंदाज. पण गुणक निवडायची मोकळीक असली तर काहीतरी कुठेतरी जुळणारच. चंद्रांच्या बाबतीत जुळणीमागे कारण होतं; इथे नुसती जुळणी होती. म्हणून ‘शोध लावला’ म्हणू नये. हुशार अंदाज म्हणावं, आणि तो तसा होताच.

गंमत अशी की प्लूटो खरोखरच असा बांधलेला निघाला, फक्त एकट्या नेपच्यूनशी : नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत त्याच्या दोन. त्यामुळे नेपच्यूनपेक्षा आत येऊनही तो त्याच्या वाटेत सापडत नाही. केतकर १९३० च्या ऑगस्टमध्ये गेले, प्लूटोची बातमी जाहीर झाल्यावर पाचेक महिन्यांनी. विष्णू आजवर कुणाला सापडलेला नाही.

पडताळून बघायचं तर युरेनसचं वर्ष ८४.०२ धर, नेपच्यूनचं १६४.८. विष्णूचं गणित मी मांडलेलं नाही. ते तू मांड आणि काय येतं ते कळव.

तुझा
मामा