दांडी ताठ हवी की लवचिक?

मुलांनो, बेचकी कशी चालते ते तुम्हांला ठाऊक आहेच. (पाखरांवर नेम धरायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवते!) रबर जितकं ताणाल तितका खडा लांब जातो. आता समजा, तुमच्या दादानं चांगलं जाडजूड रबर लावून बेचकी केली. त्याच्या हातून खडा थेट विहिरीपलीकडे जातो. तुम्ही तीच बेचकी घेता, दातओठ खाऊन ओढता, पण रबर जेमतेम बोटभर ताणलं जातं आणि खडा पुढ्यातच पडतो. पातळ रबराची बेचकी घेतली, की मात्र तुमचाही खडा लांब जातो. मग पहिल्या वेळी कमी कोण पडलं? तुम्ही, की ते रबर तुमच्या हाताला जड होतं?

बॅडमिंटनच्या रॅकेटची दांडी म्हणजे असंच रबर आहे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मूठ आणि जाळीची चौकट यांना जोडणारी ती पेन्सिलीएवढी बारीक नळी. दिसायला अगदी सरळ आणि टणक. पण फटका मारताना ती वाकते बरं का! हात झपकन पुढे येतो, वरची चौकट किंचित मागे राहते आणि दांडीला बाक येतो. मग फुलाला भिडायच्या सुमारास ती पुन्हा सरळ होऊ लागते आणि तो झटका फुलाला मिळतो. पावसाळ्यात ओली फांदी वाकवून सोडली की पानांवरचं पाणी कसं उडतं, तसंच. हे सगळं इतक्या झटपट होतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. संथ गतीनं दाखवलेल्या चित्रफितीत मात्र छान दिसतं.

दांडी किती वाकते यावरून रॅकेटचे प्रकार पडतात. जास्त वाकते ती फ्लेक्सिबल, मधली मीडियम, ताठ ती स्टिफ आणि फारच ताठ ती एक्स्ट्रा स्टिफ. गोल्फच्या काठ्यांनाही अशीच वर्गवारी असते. ज्याचा हात जोरात फिरतो, त्याला ताठ दांडी बरी. ती पटकन सरळ होते आणि फूल हवं तिथं नेमकं पडतं. ज्याचा हात अजून हळू फिरतो, त्याला ताठ दांडी वाकवताच येत नाही. जाड रबराच्या बेचकीसारखी गत! दांडी मदत करीत नाही, मग सगळा जोर खांद्यातून आणि कोपरातून काढावा लागतो.

हे सगळं मी का सांगत बसले आहे? माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. सातवीत होती, अंगानं बारीक, पण कोर्टावर भिंगरीसारखी पळायची. जुन्यापान्या रॅकेटवर तिचा खेळ बघून वडिलांनी ठरवलं, पोरीला चांगली रॅकेट घ्यायची. हातावर पोट असलेलं घर, तरी चार महिने पैसे साठवले. दुकानदारानं एक काळी चकचकीत रॅकेट काढली आणि म्हणाला, "चँपियन लोक असलीच वापरतात. पोरगी मोठी झाली तरी चालेल." दांडी स्टिफ, वजन डोक्याकडे, वर गटिंग अठ्ठावीस पौंडांचं.

दोनच महिन्यांत तिचा खेळ बसला. मागच्या रेषेवरून मारलेलं फूल पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत जायला हवं. तिचं मधेच पडायचं आणि समोरची मुलगी ते आरामात खाली दाबायची. पुढे कोपर दुखायला लागलं. घरी बोलणं सुरू झालं, "एवढी महागाची रॅकेट दिली, पण हिच्यात दमच नाही." ते तिच्या कानांवर गेलं आणि तिनं यायचंच बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "बाई, मला नाही जमत बॅडमिंटन."

पालकांनो, हे वाक्य मला फार लागलं. बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःबद्दल काढलेला निकाल होता तो, आणि पुरावा काय, तर एक रॅकेट! आधी डॉक्टरांनी कोपर पाहिलं आणि काही आठवडे विश्रांती सांगितली. (दुखणं अंगावर काढून खेळत राहायचं नाही, मग रॅकेट कुठलीही असो.) ते बरं झाल्यावर मी एका मैत्रिणीची लवचिक दांडीची, हलकी रॅकेट चार दिवसांसाठी मागून आणली. पहिल्या दिवशी फुलं वाटेल तिकडे गेली. तिसऱ्या दिवशी दहांतली पाच-सहा मागच्या रेषेजवळ पडू लागली. जादू नव्हती ती. मनगट तिचंच होतं, दांडी आता त्याला साथ देत होती, एवढंच.

पण नव्या रॅकेटला पैसे कुठून आणायचे? मग आम्ही आहे तीच रॅकेट थोडी सुधारली. दांडी काही बदलता येत नाही, गटिंग मात्र बदलता येतं. अठ्ठावीस पौंडांचं काढून वीस पौंडांचं करून घेतलं. इथं पुष्कळ जण फसतात. जाळी जितकी घट्ट तितका फटका जोरदार, असं वाटतं ना? तसं नाही. किंचित सैल जाळी फुलाला आत घेऊन बाहेर फेकते, म्हणून कमी जोरातही फूल लांब जातं. घट्ट जाळीत नेमकेपणा असतो, पण फूल बरोबर मध्यावर बसावं लागतं. जरा बाजूला लागलं की हाताला झिणझिण्या येतात. शिकणाऱ्या मुलाला वीस-बावीस पौंड पुष्कळ झाले. मुठीवर दुकानदारानं एकावर एक दोन पट्ट्या गुंडाळल्या होत्या, त्यांतली एक सोडली. तिची बोटं आता मुठीभोवती नीट बसू लागली. मूठ फार जाड असली तर ती आवळून धरावी लागते, आणि आवळलेलं मनगट फिरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मग मोठे खेळाडू ताठ दांडी का घेतात?" २०२३ मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि तो गिनीज बुकात नोंदला गेला. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या हाताला फार वाकणारी दांडी मागे पडल्यासारखी वाटणार! त्याची गरज वेगळी, तुमची वेगळी. आणि खेळ काही नुसत्या जोरावर चालत नाही. सांगलीचे नंदू नाटेकर लाकडी रॅकेटांच्या जमान्यातले. त्या रॅकेट आजच्यापेक्षा पुष्कळ जड, आणि वाकड्या होऊ नयेत म्हणून त्या खेळून झाल्यावर लाकडी चौकटीत आवळून ठेवाव्या लागत. नाटेकरांचा खेळ ओळखला जाई तो नजाकतीसाठी. १९५६ साली मलायात त्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. तसं पाहिलं तर हा खेळच आपल्याकडचा म्हणायला हवा! एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, तेव्हा त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं.

असो, दुकानाकडे वळू. रॅकेटवर मुठीच्या वर बारीक अक्षरं असतात. '३यू', '४यू', '५यू' हे वजन. आकडा वाढला की वजन कमी, उलटाच हिशेब! ४यू म्हणजे साधारण ८० ते ८४ ग्रॅम, ५यू त्याहून हलकी. वजन डोक्याकडे आहे की मुठीकडे, ते दांडी बोटावर तोलून कळतं. दांडीचा ताठपणा तिथंच कुठंतरी लिहिलेला असतो. नसला तर एका हातात मूठ आणि दुसऱ्या हातात चौकटीचं टोक धरून अगदी हळू वाकवून पाहा. एकच रॅकेट वाकवून काही समजत नाही, दोन-तीन पाहिल्या की फरक लगेच हाताला कळतो. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना तर आखूड रॅकेटच द्या. नियमानं रॅकेट जास्तीत जास्त ६८ सेंटिमीटर लांब असू शकते, आणि मोठ्यांच्या रॅकेट जवळजवळ तेवढ्याच असतात. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात. रॅकेटची दांडी दुमडता येत नाही!

माझं मत विचाराल तर दुकानात जाण्याआधी आठवडाभर मित्रमैत्रिणींच्या रॅकेट मागून खेळून बघा. वारा असताना मैदानावर पारख करू नका, वारा फुलाला कुठंही नेतो. एखादं सभागृह मिळालं तर उत्तम. मागच्या रेषेवर उभे राहा, कुणालातरी उंच फूल द्यायला सांगा आणि दहा फटके मारा. पलीकडच्या मागच्या रेषेजवळ किती पडली ते दुसऱ्या कुणालातरी मोजायला लावा. मग दुसरी रॅकेट घेऊन पुन्हा दहा. आकडे वहीत लिहून ठेवा आणि खरेदीला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.