कर्नल तारापोरांची यादी

मी पदकं जमवतो असं कळलं की लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात. "मग परमवीर चक्र आहे का तुमच्याकडे?" नाही, आणि असावं अशी इच्छाही नाही. स्वतंत्र भारतात आजवर 21 जणांना ते मिळालं, त्यातल्या 14 जणांना मरणोत्तर. असली वस्तू माझ्यासारख्याच्या लाकडी पेटीत, कापसाच्या गादीवर पडून राहू नये.

माझ्या पेटीत असतात ती मोहिमांची पदकं. 1965 चं रक्षा मेडल, त्याच युद्धातला समर सेवा स्टार, 1971 चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार. ही शौर्याची पदकं नव्हेत. तेव्हा नोकरीत होतात किंवा लढाईच्या मुलखात होतात, म्हणून मिळालेली. पण त्यांच्यावर नाव असतं. गोल पदक असेल तर कडेवर, चांदणी असेल तर पाठीवर. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सोल्जरला मिळालेला बर्मा स्टार मागून कोरा निघतो. तोच हिंदी शिपायाचा असेल तर मागे नाव सापडतं. सरकारने हा खटाटोप आपल्या माणसांसाठी का केला असेल ते असो, माझा छंद त्यावरच चालतो. भिंग लावून नाव वाचायचं आणि मग त्या पलटणीचा इतिहास काढून वाचत बसायचं.

अशीच एक जोडी जुनी भांडी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे मिळाली. पितळेच्या तांब्यांबरोबर वजनावर आलेली. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, दोन्हींवर एकच नाव. हुद्दा सवार, रेजिमेंट सतरा हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स. नाव इथे लिहीत नाही, घरची माणसं असतील. रणगाड्यात बसणाऱ्या शिपायाला आपल्या सैन्यात अजूनही सवार म्हणतात आणि त्याच्या वरच्याला दफेदार, रिसालदार. घोडे गेले, हुद्दे राहिले.

या रिसाल्याचा जन्मही गमतीदार आहे. 1817 च्या पुणे करारात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने हे घोडदळ उभं करायला लावलं आणि वर्ष संपायच्या आत ते पेशव्यांवरच चालून गेलं. पुण्याचं नाव मिरवणाऱ्या रेजिमेंटचं पुण्याशी असलेलं हे नातं पुणेकरांना फारसं आठवायला आवडत नाही. मलाही नाही. पण 1965 च्या सप्टेंबरात हा रिसाला सियालकोटच्या आघाडीवर होता आणि त्याचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. माझ्या पेटीतल्या सवाराचे साहेब.

तारापोर पारशी, जन्म मुंबईचा, 1923 चा. शाळा पुण्यात, सरदार दस्तूर. घराण्याचा मूळपुरुष रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होता आणि त्याला इनामात मिळालेल्या शंभर गावांत तारापूर मुख्य होतं, असं सांगतात. तारापोर स्वतः भरती झाले ते निजामाच्या फौजेत आणि तेही पायदळात. तिथे ग्रेनेड फेकण्याच्या सरावात एका रंगरुटाच्या हातून ग्रेनेड जवळच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला आणि भिरकावला. तो फुटला आणि तुकडे त्यांच्या छातीत घुसले. हैदराबादी फौजेचे प्रमुख जनरल एल इद्रूस यांनी शाबासकी द्यायला बोलावलं, तेव्हा या माणसाने बक्षीस काय मागावं? चिलखती रिसाल्यात बदली. मिळाली. पुढे हैदराबाद संस्थान विलीन झालं आणि ते पूना हॉर्समध्ये आले.

आता त्यांना मिळालेल्या परमवीर चक्राचा मुद्दा. आमच्या संग्राहक मंडळींत त्यांचं नाव निघालं की कोणीतरी लगेच म्हणतो, "साठ रणगाडे!" मानपत्रात तो आकडा आहे खरा: शत्रूचे सुमारे साठ रणगाडे उद्ध्वस्त, आपले नऊ निकामी. पण ते साठ पूर्ण रेजिमेंटचे आहेत, एकट्या तारापोरांचे नव्हेत. कमांडिंग ऑफिसरचं काम नेम धरण्याचं नसतं. 11 सप्टेंबरला फिल्लोरावर मागून हल्ला करायला रिसाला फिल्लोरा आणि चविंडा यांच्या मधून घुसत होता. तेव्हा वझीरअलीकडून पाकिस्तानी रणगाडे अचानक चालून आले. तारापोर आघाडीवर होते. त्यांनी जागा सोडली नाही आणि पायदळाच्या साथीने एक स्क्वाड्रन फिल्लोरावर घातला. त्यात जखमी झाले आणि मागे जायला नकार दिला. 14 ला वझीरअली घेतलं. 16 ला जसोरां आणि बुतूर-डोगरांडी. त्या दिवशी त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला, तरी चविंड्यावर मागून जाणाऱ्या पायदळासाठी ते तिथे टिकून राहिले आणि तिथेच पडले. एका क्षणाच्या पराक्रमाला मिळालेलं पदक समजून घेणं सोपं असतं. हे सहा दिवसांचं आहे, आणि सहाही दिवस जखमी कर्नलने आघाडीवर राहणं बंधनकारक नव्हतं. चविंडा शेवटपर्यंत आपल्या हाती आलं नाही, हेही सांगायला हवं. पदकाची किंमत त्याने रतीभर कमी होत नाही, पण आमच्या मंडळींना ते सांगितलं की बरं वाटत नाही.

हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. ते अंगावर आलं नगरच्या रणगाडा संग्रहालयात. (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं.) आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा तिथलीच. आवारात उन्हात जगभरचे रणगाडे उभे आहेत: चर्चिल, व्हॅलेंटाइन, माटिल्डा, छोटे जपानी आणि 1965 चे पॅटनही. मी सेंच्युरियनपाशी थांबलो. पन्नास टनांचं धूड, आत चौघे. एक निवृत्त दफेदार नातवाला घेऊन आले होते. मी वर बघतोय असं पाहून म्हणाले, "कमांडरची जागा वर, ती गोल झाकणाची. झाकण लावलं की काचेतून दिसतं तेवढंच दिसतं. ऊस असला तर काहीच नाही. म्हणून चांगला कमांडर डोकं बाहेर ठेवतो."

"आणि गोळी लागली तर?"

"लागते," ते म्हणाले आणि नातवाला पाणी द्यायला वळले.

यानंतर काही आठवड्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. बुधवार आणि रविवारचा हा बाजार. नळाच्या तोट्या, तुटके कॅमेरे, कंदील, आणि मधूनच कुठेतरी एखादं मेडल. ओळखीच्या विक्रेत्याने मला पाहताच रुमालाची पुरचुंडी काढली. "काका, तुमच्यासाठी ठेवलंय. परमवीर चक्र आहे, ओरिजिनल."

पदक छान होतं. जांभळी फीत, ब्राँझ, मध्ये राजमुद्रा, चहूबाजूंनी इंद्राची चार वज्रं. मागे कमळं. पण नवं कोरं, दुकानात मिळते तशी प्रतिकृती. मी त्याला म्हटलं, "हे खोटं आहे, पण याचा नमुना कोणी काढला माहीत आहे? खानोलकर बाईंनी." सावित्रीबाई खानोलकर मूळच्या स्वित्झर्लंडच्या, जन्माने इव्ह मादाय द मारोस. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या, मराठी-संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी स्वातंत्र्यानंतरच्या शौर्यपदकांची रचना त्यांच्यावर सोपवली. पहिलं परमवीर मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या जावयाचे भाऊ.

विक्रेत्याला या सगळ्यात रस नव्हता. त्याने विचारलं, "हे ज्याला मिळालं त्याच्या घरच्यांनी विकलं तर किती मिळतील?"

मी त्याला तारापोरांची यादी सांगितली. लढाईच्या दिवसांतच त्यांनी एका सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं: मी पडलो तर मला रणांगणावरच अग्नी द्या. पारशी माणसाने हे सांगावं! माझं प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, कडं, घड्याळ आणि फाउंटन पेन मुलाला. मुलाला सैन्यात जायला सांगा.

विक्रेता ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मेडल कोणाला, ते नाहीच सांगितलं?"

"तेव्हा मिळालं कुठे होतं?"

"हां, बरोबर." त्याने पुरचुंडी बांधली. "पेन असतं तर आपण पन्नास रुपयांनासुद्धा घेतलं नसतं काका. निब गेली असणार."

मग त्याने टोपलीतल्या नाण्यांखालून एक काळवंडलेला समर सेवा स्टार काढून माझ्यासमोर टाकला. पाठीवर नाव होतं आणि पलटणीच्या जागी ए.एस.सी.; म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर, हुद्दा ड्रायव्हर. माझ्या संग्रहात फक्त रिसाल्याची पदकं असतात, हा नियम मी वर्षानुवर्षं पाळलेला. पण सेंच्युरियनचं इंजिन पेट्रोलवर चालायचं आणि त्याची टाकी फार काळ पुरत नसे. पेट्रोलचे डबे, गोळे, पाणी, पीठ, सगळं कोणाच्या तरी ट्रकमधून मागून यावं लागे, आणि ट्रकला चिलखत नसतं.

त्याने सातशे सांगितले. साडेचारशेला सौदा झाला, आणि वर त्याने परमवीरची प्रतिकृती फुकट देऊ केली. ती मी परत केली.